लूप अँटेना पहिल्यांदा बांधताना: करंट घ्यायचा की व्होल्टेज?

गच्चीवर वीस मीटर तार ताणायला जागा आहे असे रेडिओवेडे नाशिकमध्ये आता थोडेच उरलेत. इमारतीची गच्ची सगळ्यांची असते. तिथं पाण्याच्या टाक्या, सोलरची पॅनेल आणि डिशच्या छत्र्या आधीच मांडलेल्या असतात. म्हणून नव्यानं ऐकायला लागलेली मंडळी लूपकडे वळतात, आणि बरोबरच करतात. मीटरभर व्यासाची एक कडी बाल्कनीत मावते, हातानं फिरवता येते, आणि नीट बांधली तर शेजारच्या घरातली खरखर बाजूला ठेवून दूरचं केंद्र उचलते.

अडतं ते त्याच्या पुढं. कडी तयार होते आणि लगेच प्रश्न येतो, "हा लूप ५० ओहमला मॅच कसा करायचा?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर ठरून गेलंय: ते ५० ओहम (केबल आणि रिसीव्हर यांचा ठरलेला आकडा) सध्या डोक्यातून काढून टाका. प्रक्षेपणाच्या अँटेनाला मॅचिंग लागतं, कारण तिथं विकत घेतलेले वॅट वाया जातात. ऐकण्याच्या लूपबाबत आधी एकच गोष्ट ठरवायची असते: याच्याकडून करंट घ्यायचा की व्होल्टेज. वेढे किती, तार कोणती, अँप्लिफायर कसा, हे सगळं त्या एका निर्णयातून येतं.

पायरी १: लूपच्या पोटात काय आहे ते बघा

लूपचा घेर तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर त्याला लहान लूप म्हणायचं. १ मीटर व्यासाच्या कडीचा घेर ३.१४ मीटर. १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर, म्हणजे घेर जेमतेम शंभरावा भाग. १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३० मीटर, तिथं आपण दहाव्या भागाच्या उंबऱ्यावर येतो. या हद्दीत कडीच्या प्रत्येक बिंदूवर करंट जवळजवळ सारखाच वाहतो, म्हणून अँटेनाची अवघड गणितं बाजूला ठेवून तिच्याकडे साध्या कॉइलसारखं बघता येतं.

कागदावर काढा: एक छोटासा व्होल्टेजचा उगम, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक इंडक्टन्स, म्हणजे कॉइलचा बदलत्या करंटला होणारा विरोध. बस, एवढाच लूप.

उगम किती छोटा? लूपची 'परिणामी उंची' काढायची: ६.२८ गुणिले क्षेत्रफळ, गुणिले वेढे, भागिले तरंगलांबी. मीटरभर व्यासाच्या कडीचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. १ मेगाहर्ट्झला उत्तर येतं साधारण १.६ सेंटीमीटर. म्हणजे हवेत प्रति मीटर १ मिलिव्होल्टचं क्षेत्र असेल तर लूपच्या टोकांना फक्त १६ मायक्रोव्होल्ट. १० मेगाहर्ट्झला हाच आकडा दहापट होतो. वारंवारता वाढेल तसा व्होल्टेज वाढतो, हे लक्षात ठेवा, लगेच कामाला येणार आहे.

आता इंडक्टन्स. तीन सुताच्या, म्हणजे ९.५ मिलिमीटर जाडीच्या नळीची ही कडी साधारण ३ मायक्रोहेन्रीची. तिची रिअॅक्टन्स, म्हणजे त्या वारंवारतेला होणारा अडथळा, १ मेगाहर्ट्झला १९ ओहम, १० मेगाहर्ट्झला १९० ओहम. आणि रोध? तांब्याचा रोध १ मेगाहर्ट्झला ०.०३ ओहमच्या आसपास. किरणोत्सर्जनाचा रोध, जो 'खरा' अँटेनाचा रोध, तो २.४ मायक्रोओहम. तांब्याच्या रोधापुढं तो दहा हजारावा भागसुद्धा नाही.

५० ओहमचा हट्ट सोडा असं मी का म्हणतो ते या आकड्यांत आहे. ०.०३ ओहमला ५० ओहमशी जुळवायचं तर आधी ती १९ ओहमची रिअॅक्टन्स कंडेन्सरनं मारावी लागेल, आणि ती फक्त एकाच वारंवारतेवर मरते. काटा जरा हलवला की जुळणी मोडली. शिवाय ३० मेगाहर्ट्झच्या खाली शहरातली हवाच इतकी खरखरते की ताकद वाढवली तर केंद्र आणि खरखर दोन्ही एकाच मापानं वाढतात. आपल्याला हवं आहे ते खरखरीच्या वर उठून येणारं केंद्र.

पायरी २: रस्ता निवडा

पहिला रस्ता व्होल्टेजचा. लूपला समांतर कंडेन्सर लावायचा, हव्या वारंवारतेवर त्याला झंकारायला (रेझोनन्सला) लावायचं आणि टोकांवर वाढलेला व्होल्टेज अशा अँपनं (अँप्लिफायरनं) मोजायचा की जो लूपमधून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. फायदा: सिग्नल कित्येक पट वाढतो आणि बाजूची केंद्रं आपोआप गाळली जातात. तोटा: प्रत्येक केंद्रासाठी जाऊन गँग, म्हणजे बदलता येणारा कंडेन्सर, फिरवायची.

दुसरा रस्ता करंटचा. इथं लूपची टोकं जवळजवळ शॉर्ट करायची आणि त्यातून वाहणारा करंट घ्यायचा. यातली गंमत मला आजही आवडते. लूपमधला व्होल्टेज वारंवारतेबरोबर वाढतो, रिअॅक्टन्सही वारंवारतेबरोबर वाढते, आणि करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रिअॅक्टन्स. वाढ वाढीला खाते. शॉर्ट केलेल्या लूपचा करंट ५०० किलोहर्ट्झला जितका, तितकाच १० मेगाहर्ट्झला. आपल्या ३ मायक्रोहेन्रीच्या कडीसाठी प्रति मीटर १ मिलिव्होल्टच्या क्षेत्राला तो ०.९ मायक्रोअँपच्या आसपास येतो. ना गँग, ना ट्यूनिंग, सगळा पट्टा एकदम.

इथं बहुतेक नवे लोक वेढ्यांत चुकतात. "वेढे वाढवले की सिग्नल वाढेल" हे व्होल्टेजच्या रस्त्यावर खरं, करंटच्या रस्त्यावर अगदी उलटं. वेढे दुप्पट केले की व्होल्टेज दुप्पट होतो, पण इंडक्टन्स चौपट होतो, म्हणजे करंट निम्मा. करंट हवा असेल तर वेढा एकच, आणि वाहक जितका जाड तितका चांगला.

मी नव्या माणसाला आधी पहिला रस्ता चालायला सांगतो, कारण तो विनाअँपही वाजतो. एका संध्याकाळीत लूपचा स्वभाव कळतो, मग दुसरा रस्ता सोपा जातो.

पायरी ३: मध्यम लहरींची चौकट

६० सेंटीमीटर बाजूची चौरस चौकट लाकडाची करा. फुलीसारख्या दोन पट्ट्या आणि चारही टोकांना खाचा पाडलेले तुकडे, इतकं पुरे. तिच्यावर ५ मिलिमीटर अंतरानं ११ वेढे घ्या. तार लागेल २६-२७ मीटर. नाशिकमध्ये या तारेसाठी लांब जायची गरज नाही. द्राक्षबागांचे पंप जळतात, म्हणून मोटर रिवायंडिंगची दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि तिथं इनॅमलची तार वजनावर मिळते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानातल्या काकांनी विचारलं, "किती एचपीची मोटर?" मी म्हटलं, "काका, मोटर नाही, रेडिओचा एरियल करतोय." त्यांनी रीळ खाली ठेवलं, त्यांच्या लहानपणीच्या व्हॉल्व्ह सेटबद्दल दहा मिनिटं बोलले आणि २२ गेजची उरलेली गुंडी तशीच हातात दिली.

या चौकटीचा इंडक्टन्स १८० मायक्रोहेन्रीच्या घरात येतो. त्याला ५०० पिकोफॅरडची गँग लावली की खाली ५३० किलोहर्ट्झपर्यंत पोचता येतं. वर १६०० पर्यंत जायला एकूण कपॅसिटन्स ५५ पिकोफॅरडपर्यंत उतरायला हवा, आणि त्यात तारांमधला स्वतःचा कपॅसिटन्सही धरायचा. म्हणून वेढे चिकटून घालू नका. वरचं टोक गाठत नसेल तर एक वेढा सोडा. जुन्या व्हॉल्व्ह सेटमधली पत्र्यांची गँग मिळाली तर तीच घ्या. ट्रान्झिस्टर सेटमधली छोटी प्लॅस्टिकची असेल तर तिचे दोन्ही भाग समांतर जोडा.

आता काहीही न जोडता पॉकेट ट्रान्झिस्टर चौकटीजवळ धरा. त्याच्या आतली फेराइटची कांडी चौकटीच्या तारांना काटकोनात हवी. पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ लावा आणि गँग हळूहळू फिरवा. एका जागी आवाज एकदम भरून येईल. ती जागा किती अरुंद आहे ते बोटांना कळू द्या.

ती जागा अरुंद का, ते समजलं की अँपची निवड आपोआप होते. चौकटीचा क्यू, म्हणजे झंकार किती तीव्र ते सांगणारा आकडा, १०० धरला तर १ मेगाहर्ट्झला पट्टा १० किलोहर्ट्झचा. त्याच क्यूमुळे टोकांवरचा व्होल्टेज शंभरपट होतो: प्रति मीटर १ मिलिव्होल्टला आधी ८३ मायक्रोव्होल्ट, झंकारल्यावर ८ मिलिव्होल्ट. पण झंकारणाऱ्या चौकटीचा रोध लाखभर ओहमचा असतो. तिच्या टोकांना सरळ ५० ओहमची केबल लावली तर क्यू मरतो आणि हातात काहीच उरत नाही. म्हणून इथं फेट लागतो, म्हणजे इनपुटला जवळजवळ काहीच करंट न ओढणारा ट्रान्झिस्टर. जे३१० मिळाला तर उत्तम, नाहीतर कॉलेजच्या लॅबमधून ओळखीचा असलेला बीएफडब्ल्यू१० चालतो. त्याची गेट चौकटीच्या टोकाला, सोर्सवरून सिग्नल बाहेर: सोर्स-फॉलोअर. फेट सिग्नलचा व्होल्टेज वाढवत नाही, पण चौकटीला न दुखवता केबल चालवतो.

फेट नसेल तर मुख्य वेढ्यांच्या शेजारी वेगळा एकच वेढा घालून केबल त्याला जोडा. ११ ला १ म्हणजे रोधाचा हिशेब १२१ ला १. तोही चालतो, पण क्यू बराच पडतो.

पायरी ४: एका वेढ्याची जाड कडी

हा माझा आवडता लूप. तीन सुताची तांब्याची नळी एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे गुंडाळीतून कापून मिळते. सव्वातीन मीटर घ्या. नळी मऊ असते आणि आधीच गोल असते, ती सरळ करू नका. फरशीवर खडूनं मीटरभर व्यासाचं वर्तुळ काढा आणि गुंडाळी त्याच्यावरच हळूहळू उलगडत जा. एकदा मुडपलेली नळी परत गोल होत नाही.

दोन्ही टोकं दोन-तीन सेंटीमीटर हातोडीनं चपटी करा, ४ मिलिमीटरचं भोक पाडा, पितळी बोल्ट आणि लग लावा. हा जोड घासून चकचकीत करून मगच आवळा. इथं आपण एक-दोन ओहमच्या जगात आहोत, काळवंडलेला जोड सगळी मेहनत खातो. नळी मिळाली नाही तर घरातल्या वायरिंगची अडीच स्क्वेअरची तार चालते, पण तिचा इंडक्टन्स ४ मायक्रोहेन्रीच्या आसपास जातो, म्हणजे करंट पाऊणपट.

पीव्हीसी पाइपच्या खांबावर कडी उभी बांधा, टोकं खाली. दोन टोकांच्या मधोमध अँपचा डबा. इथं हयगय नको: लूप आणि अँप यांच्यात केबल घालायची नाही. तीन मीटर केबलचा स्वतःचा इंडक्टन्स पाऊण मायक्रोहेन्री आणि कपॅसिटन्स तीनशे पिकोफॅरड. कडीच्या ३ मायक्रोहेन्रीपुढं हे दोन्ही आकडे डोळ्यांत भरण्याइतके मोठे आहेत.

पायरी ५: करंट पिणारा अँप

आता असा अँप हवा की ज्याचा इनपुट जवळजवळ शॉर्ट असेल. किती जवळजवळ? कडीची रिअॅक्टन्स इनपुटच्या रोधाहून जास्त आहे तोवर करंट सपाट राहतो, रिअॅक्टन्स त्याच्या खाली गेली की घसरतो. ती हद्द म्हणजे रोध भागिले (६.२८ गुणिले इंडक्टन्स). ५० ओहमचा इनपुट घेतला तर हद्द २.६ मेगाहर्ट्झवर येते आणि अख्ख्या मध्यम लहरी घसरणीवर जातात. ६ ओहमचा घेतला तर हद्द ३०० किलोहर्ट्झवर, मध्यम लहरींच्याही खाली.

६ ओहम कुठून आणायचे? कॉमन-बेस ट्रान्झिस्टरमधून, म्हणजे ज्याचा बेस सिग्नलसाठी जमिनीला बांधलेला असतो आणि सिग्नल एमिटरवर देऊन कलेक्टरवरून घेतात. त्याच्या एमिटरचा रोध म्हणजे २६ मिलिव्होल्ट भागिले एमिटरचा करंट. ९ मिलिअँप सोडले तर २.९ ओहम. लूपला दोन टोकं आहेत, म्हणून दोन ट्रान्झिस्टर, एकूण ५.८ ओहम. मी २एन२२२२ वापरतो. बीसी५४७ नं काम होतं, पण त्याचा आतला बेस-रोध जास्त असल्यानं सळसळ थोडी जास्त येते.

जोडणी अशी. १२ व्होल्टवरून ४.७ किलोओहम आणि १ किलोओहम या रोधांचा व्होल्टेज-भाजक करून दोन्ही बेस एकत्र २ व्होल्टच्या आसपास ठेवा, बेसपासून जमिनीला ०.१ मायक्रोफॅरड. प्रत्येक एमिटरपासून जमिनीला १५० ओहम. लूपचं एकेक टोक एकेका एमिटरला, प्रत्येकी १ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक कंडेन्सरमधून. दोन्ही कलेक्टर एका फेराइट ट्रान्सफॉर्मरच्या ५ अधिक ५ वेढ्यांना, मधल्या टॅपवर १२ व्होल्ट. दुसऱ्या बाजूला ३ वेढे, तिथून केबल. जुन्या टीव्हीच्या बालनमधला दोन भोकांचा फेराइट याला छान बसतो.

हिशेब करून बघा: ०.९ मायक्रोअँप, गुणिले १० भागिले ३, गुणिले ५० ओहम. प्रति मीटर १ मिलिव्होल्टच्या क्षेत्राला रिसीव्हरवर १५० मायक्रोव्होल्ट मिळतात. शॉर्टवेव्हच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावर) ५० मायक्रोव्होल्ट म्हणजे एस-९, म्हणजे जोरदार सिग्नल. एकाच टप्प्यात इतकं पुरे होतं, पुढं आणखी गेन जोडायचा मोह आवरा. केबल ५० ची असो की डिशची ७५ ओहमची, इथं काही बिघडत नाही.

ते १ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर मी माझ्या पहिल्या अँपमध्ये घातलेच नव्हते. लूप म्हणजे डीसीला सरळ शॉर्ट, त्यामुळे दोन्ही एमिटर एकमेकांना बांधले गेले. दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत सारखे नसतात. ज्याला जरा कमी व्होल्टेज पुरतो तो जास्त करंट घेतो, त्यानं तापतो, तापला की आणखी घेतो. बोट लावल्यावर एक कोमट आणि दुसरा गार लागला तेव्हा चूक कळली. तोल गेलेल्या जोडीत सम हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट-चौपट जागी खोटे सिग्नल, उमटतात. तपासायचं असेल तर पुण्याच्या ७९२ ची दुप्पट, १५८४ किलोहर्ट्झ लावून बघा. तिथं पुण्याचाच कार्यक्रम ऐकू आला तर दोन्ही एमिटर-रोधांवरचा व्होल्टेज मोजा, तो सारखा असायला हवा.

पायरी ६: शहरातल्या एफएमला दाराबाहेर ठेवा

ही पायरी मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून तुम्हाला नीट सांगतो. आकाशवाणी नाशिक एफएमवर १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. त्या वारंवारतेची तरंगलांबी २.९६ मीटर. आपल्या कडीचा घेर ३.१४ मीटर. म्हणजे मध्यम लहरींसाठी जो लूप शंभराव्या भागाइतका चिमुकला, तोच शहरातल्या एफएम पट्ट्यासाठी पूर्ण एका तरंगाचा, झंकारणारा, उत्तम अँटेना आहे. आपण नकळत एफएमचा अँटेना बांधून त्याला अँप जोडलेला असतो.

याचा परिणाम असा होतो की शॉर्टवेव्हवर भलत्याच जागी गाण्यांचा फाटका, थरथरता आवाज बसतो. शहरातल्या दोन एफएम केंद्रांमधला फरक काही मेगाहर्ट्झचा असतो. अँपच्या आत ती दोन एकमेकांत मिसळली की तो फरक शॉर्टवेव्हवर खोटं केंद्र बनून उभा राहतो. मी दोन आठवडे रिसीव्हरला दोष देत होतो.

उपाय स्वस्त आहे. लूपच्या दोन टोकांमध्ये १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर लावा. नंतर प्रत्येक बाजूला, एमिटरकडे जाताना, हवेतली छोटी कॉइल: ५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर ६ वेढे, ६ मिलिमीटर लांबीत पसरलेले. एकेक कॉइल ०.१ मायक्रोहेन्रीची. ही चाळणी ३५ मेगाहर्ट्झच्या वर बंद व्हायला लागते, एफएमवर येणारा करंट साधारण सातव्या भागावर आणते आणि १० मेगाहर्ट्झपर्यंत तिचा काही त्रास नाही. नवख्यांना वाटतं की कंडेन्सर लूपशी झंकारून बसेल. बसत नाही, कारण ते टोक सहा-सात ओहमनं जमिनीला धरून ठेवलेलं असतं. तेच कंडेन्सर फेटच्या अँपला लावलं असतं तर ९ मेगाहर्ट्झवर मोठा उंचवटा आला असता.

पायरी ७: तोल आणि केबल

लूपचं खरं बळ त्याच्या तोलात आहे. दोन्ही टोकं, दोन्ही ट्रान्झिस्टर, जमिनीपासूनची अंतरं, जितकी सारखी तितका तो फक्त चुंबकीय क्षेत्र ऐकतो. तोल बिघडला की अख्खी कडी आणि तिची केबल मिळून एक उभी तार होते, आणि घरातल्या एलईडी बल्बांची, चार्जरची, सोलर इन्व्हर्टरची खरखर त्या तारेवरून चालत येते. 'शील्ड' केलेल्या लूपचं मोठं कौतुक होतं. माझ्या मते ते शील्डपेक्षा त्यानं मिळालेल्या तोलाचं आहे.

केबल खांबाच्या मधून सरळ खाली उतरवा, कडीच्या एका बाजूला लोंबू देऊ नका. अँपच्या डब्याजवळ आणि रिसीव्हरजवळ केबलचे १०-१२ वेढे फेराइटच्या कड्यावर घाला. वीज यूपीएसच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून द्या. स्वस्त अडॅप्टर लावणं म्हणजे खरखरीला स्वतः आवतण देणं आहे. देखभालीसाठी परिसरातली वीज दुपारभर बंद ठेवतात तो दिवस सोडू नका. बॅटरीवर रिसीव्हर लावून बसा. गल्ली शांत झाल्यावर लूपला काय काय ऐकू येतं ते एकदा कळलं, की खरखरीत लूपचा वाटा किती आणि घराचा किती हे कायमचं समजतं.

पायरी ८: अँप स्वतः किती सळसळतो ते मोजा

कडी सोडवा आणि तिच्या जागी तितक्याच इंडक्टन्सची छोटी कॉइल लावा: १२ मिलिमीटरच्या नळकांडीवर १ मिलिमीटर तारेचे २४ वेढे, एकमेकांना लागून. अँप आणि कॉइल दोन्ही स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा. ही कॉइल बाहेरचं काही ऐकत नाही, म्हणून आता येणारी सळसळ फक्त अँपची. मग कडी परत लावा. सळसळ स्पष्ट वाढली, तर अँप पुरेसा शांत आहे आणि त्याच्यावर आणखी खर्च करण्यात अर्थ नाही. शहरात ही परीक्षा सहज पास होते. गंगापूर धरणाच्या पलीकडं किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी जाऊन ७ मेगाहर्ट्झवर करा, तिथं खरी कसोटी लागते. वाढ दिसली नाही तर अँपऐवजी कडी मोठी करा. टोकं रिकामी सोडून ही परीक्षा घेऊ नका, कॉमन-बेस अँपची सळसळ समोरच्या इंडक्टन्सवर बदलते आणि आकडा फसवतो.

पायरी ९: फिरवा

केंद्राकडे कडीची कड करायची, तोंड नाही. गोल तोंड केंद्राकडे केलं की आवाज पडतो. सगळे नवे लोक पहिल्या दिवशी उलटं करतात. कमाल जागा पसरट असते, साठ अंश चुकलात तरी निम्मा सिग्नल राहतो. शून्याची जागा मात्र सुईसारखी: एका अंशाच्या चुकीला सिग्नल सत्तावन्नाव्या भागावर थांबतो, त्याच्या खाली जायचं तर अंशाच्या आत आणावं लागतं. म्हणून लूप केंद्राकडे रोखण्यापेक्षा त्याचं शून्य खरखरीवर रोखायला शिका. शेजारच्या इन्व्हर्टरवर शून्य बसवा, हव्या केंद्राचं थोडं नुकसान झालं तरी ऐकू जास्त येईल.

परीक्षेसाठी नाशिकची जागा सोयीची आहे. पुणे इथून जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे. कडीचं तोंड उत्तर-दक्षिण केलं की ७९२ खोल बुडायला हवं. तोल चांगला असेल तर पुणं खरखरीत नाहीसं होतं, आणि तसं होत नसेल तर पायरी ७ परत करा. मुंबई नैऋत्येला आणि जळगाव ईशान्येला, म्हणजे दोन्ही साधारण एकाच रेषेवर. लूपला पुढचं-मागचं कळत नाही, त्यामुळे मुंबईवर शून्य लावलं की जळगावच्या बाजूचाही बराच भाग सोबत पडतो. हा दोष नाही, आठच्या आकड्यासारख्या त्याच्या नक्षीचा तो स्वभावच आहे.

खांबाच्या बुडाशी चकती लावून या दिशांच्या खुणा करून ठेवा. खुणा दुपारी करा, सूर्य वर असताना, जेव्हा मध्यम लहरी फक्त जमिनीलगत येतात. अंधार पडला की त्याच केंद्राच्या लहरी आकाशातूनही उतरतात, शून्य भरून निघतं आणि सरकत राहतं. संध्याकाळी सातला केलेली पुण्याची खूण दुसऱ्या दिवशी दुपारी जुळणार नाही.

आणि वळवाच्या दिवसांत आडगावच्या बाजूनं आभाळ भरून आलं, की केबल रिसीव्हरपासून काढून ठेवा. त्याआधी पाचेक मिनिटं १ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐका. विजेचा प्रत्येक कडाड लूपमध्ये स्पष्ट येतो, आणि कडी फिरवून तो ज्या जागी सर्वांत मंद होतो ती जागा शोधलीत तर पाऊस कोणत्या रेषेवरून येतोय तेही कळतं.